फोटो गेल्यानंतरचा दिवस

बेल-आन्स, नोव्हा स्कोशिया
नोव्हेंबरचा पहिला रविवार

प्रिय आन्सेल्म,

हे पत्र तुझ्या हातात देणाऱ्या माणसावर डाफरू नकोस. थेरेसचा जावई सुट्टीवर आला होता, त्याला मी दुकानात गल्ल्यापाशी गाठलं. "आमचा आन्सेल्म तिकडे अल्बर्टात तुमच्याच तेलखाणीच्या छावणीवर आहे म्हणे," असं म्हटलं तर दुधाची पिशवी हातात धरून नुसता लाल झाला. "त्यांनी मला शपथ घातलीय," म्हणाला. मी म्हटलं, "घातली असेल. मी त्याची थोरली बहीण आहे, त्या शपथेच्या कितीतरी आधी जन्मलेय." मग बोलला बिचारा. तू तिथे यंत्रं दुरुस्त करतोस, कामाचं नाव चांगलं आहे, पण भोजनगृहात भिंतीकडे तोंड करून एकटा जेवतोस, हे त्यानेच सांगितलं. उद्या तो परत निघतोय. पत्र टपालात टाकू नको, समोर उभा राहून दे, असं मी त्याला बजावलंय. तू फोनचा नंबर बदललास, तेव्हा हाच एक रस्ता उरला.

घर ठीक आहे. आठवड्यातून दोनदा जाऊन नळ सोडते, शेगडी पेटवते, भिंतींना जरा ऊब देते. तुझी मांजर पहिले काही दिवस तुझ्याच पायरीवर बसून असायची, मग नाइलाजाने माझ्याकडे आली. अजून रुसलेलीच आहे, पण मासे खाते. इंजिनांचं म्हणशील तर धक्क्यावर तुझ्या नावाने रोज कुणीतरी उसासा टाकतं. मार्सेलच्या बोटीचं इंजिन पलीकडच्या गावातल्या एका मेकॅनिकने उघडलं आणि ते आता म्हाताऱ्या गाढवासारखं खोकतं. मार्सेल म्हणतो, "आन्सेल्म असता तर नुसता कान लावून सांगितलं असतं." लोक तुझं नाव काढतात आणि मग माझ्याकडे बघून गप्प होतात, याची सवय झालीय आता.

आई गेल्यानंतरचा तुझा पहिला हिवाळा मला आठवतो. इतकी वर्षं तिचं अंथरूण, तिची औषधं, तिचं रात्रीचं हाका मारणं यात तुझं स्वतःचं काही उरलंच नव्हतं. आणि ती गेली तेव्हा सगळे म्हणाले, "चला, आता तरी मोकळा झाला." मोकळा! मोकळं घर काय असतं ते मला विचारा म्हणावं. तू संध्याकाळी काम संपवून आलास की हात धुऊन सरळ फोन घेऊन बसायला लागलास. मग एका रविवारी माझ्याकडे जेवताना, बटाटा कुस्करता कुस्करता, मान वर न करता म्हणालास, "डेल्फीन, मला एक बाई भेटलीय." तुझे कान लाल झाले होते. छप्पन्न वर्षांचा माणूस आणि कान शाळकरी पोरासारखे लाल! मला इतकं बरं वाटलं होतं की मी पुढे काहीच विचारलं नाही.

मिशेल. मंक्टनच्या इस्पितळात परिचारिका, नवरा वारलेला, बागेची आवड. फोटो दाखवलास. चांगली होती दिसायला, अगदी आपल्या बाजूच्या बायकांसारखी दिसत होती. ज्या डेटिंग अ‍ॅपवर ओळख झाली त्यावरून तिने पहिल्याच संध्याकाळी तुला दुसरीकडे नेलं, कारण म्हणे "तिथे फार लोक असतात, इथे आपण दोघंच". दुसऱ्या आठवड्यात तिला तुझ्यावाचून करमेना. मंक्टन काही चंद्रावर नाही, तू ट्रक घेऊन जायला तयार होतास, पण दर वेळी तिला इस्पितळात जादा ड्युटी लागायची, बहीण आजारी पडायची, रस्त्यावर बर्फ असायचा. हे सगळं मला तुझ्याच तोंडून तुकड्यातुकड्याने कळलं होतं. आज ओळीने लिहून काढताना एखादं लहान मूलही सांगेल की कुठेतरी पाणी मुरतंय. पण तेव्हा ते ओळीने समोर कुठे होतं? एकेक गोष्ट आली, आणि एकेकटी प्रत्येक गोष्ट खरीच वाटत होती.

पुढचं मात्र तू सांगितलं नाहीस. तू माझ्याकडे पैसे मागितलेस, ट्रकचा गिअरबॉक्स गेलाय म्हणून. अरे, अख्ख्या धक्क्याची इंजिनं उघडणारा माणूस गिअरबॉक्ससाठी उसने पैसे मागतो? मी दिले. तुझ्या चेहऱ्याकडे बघून विचारायचं धाडस झालं नाही.

बाकीचं मला तू फोनवर ठेवलेल्या त्या निरोपातून कळलं. ट्रक चालवता चालवता बोलत होतास, मागे वायपरचा आवाज येत होता. तिने एकदा कॅमेरा लावला. आवाज एकीकडे, ओठ दुसरीकडे, तू म्हटलंस की नेट खराब असेल. तिने अंगावरचे कपडे काढले, तुलाही म्हणाली. इतक्या वर्षांत कुणी तुला असं काही म्हणालं नव्हतं. आणि मग त्याच रात्री मिशेल नाहीशी झाली आणि तिच्या जागी कुणीतरी रांगडा पुरुष बोलायला लागला. तुझाच व्हिडिओ आणि त्यातून काढलेले फोटो तुला पाठवले, खाली तुझ्या ओळखीच्यांची नावं, पहिलं माझं, मग चर्चच्या गायकांची. पैसे टाक, नाहीतर सगळ्यांना जाईल. तू टाकलेस. मग पुन्हा मागितले. पुन्हा टाकलेस. शेवटी तुझ्याकडे काही उरलं नाही तेव्हा त्यांनी पाठवलंच. निरोपाच्या शेवटी तू म्हणालास, "तुझ्या फोनवर येईल ते उघडू नकोस. मला आता कुणाला तोंड दाखवता येणार नाही." नंतर नंबर बंद.

आन्सेल्म, त्या दिवशी मी गल्ल्यावर होते, तुझा निरोप अजून ऐकला नव्हता. माझा फोन वाजला, रांगेतल्या दोघीतिघींचा वाजला. मी तुझा चेहरा बघितला आणि लगेच बंद केलं. खरं सांगते, त्या पळभरात मला दुसरं काही दिसलंच नाही. दिसला तो तुझा चेहरा, आणि तो हसत होता. आई आजारी पडल्यापासून मी तुला तसं हसताना बघितलं नव्हतं. रांगेत ओदील बाई उभ्या होत्या, ऐंशी ओलांडलेल्या, कॉयरमध्ये तुझ्या पुढच्या रांगेत बसतात त्या. त्यांनी चश्मा वर सरकवला, फोन नाकाशी नेला, बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कुणीतरी मेल्याने आन्सेल्मच्या नावाने घाण पाठवलीय. मी पुसून टाकते. तुम्हीही टाका गं." मग माझ्याकडे वळून: "गुरुवारी तालीम आहे म्हणावं त्याला. खालच्या सुराला दुसरं कुणी नाही." मी एप्रन तसाच ठेवून तुझ्या घरी धावले. दार उघडं होतं, टेबलावर अर्धी कॉफी होती, ट्रक नव्हता.

मी पोलिसात गेले. तू रागावशील म्हणून इतके दिवस हे कळवलं नव्हतं, आणि कळवणार तरी कुठे? तिथे हार्लो नावाची कॉन्स्टेबल आहे, तरणी, केस मागे घट्ट बांधलेली. मला वाटलं होतं ती मनातल्या मनात हसेल. तिने दार लावून घेतलं आणि मला पाणी दिलं. म्हणाली, "मिशेल कुणी नाहीच. कुठल्यातरी खोलीत चारसहा पुरुष ढीगभर फोन घेऊन बसतात, तो त्यांचा धंदा आहे. फोटो कुणा दुसऱ्याच बाईचे चोरलेले, व्हिडिओही चोरलेला. या किनाऱ्यावर तुमचा भाऊ पहिला नाही, पण आमच्याकडे कुणी येतच नाही." मग तिने सांगितलं की पैसे कधीच द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की हा देणारा आहे एवढंच त्यांना कळतं. संदेश पुसायचे नाहीत, त्यांचे फोटो काढून ठेवायचे, तो पुरावा. मग त्या माणसांना ब्लॉक करून टाकायचं, एका शब्दानेही उत्तर द्यायचं नाही, आपल्या ओळखीच्यांची यादी लपवायची आणि सरळ ठाण्यात यायचं. "आणि घरातल्या एकाला तरी सांगायचं," ती म्हणाली. "त्यांचा सगळा जोर माणूस एकटा आहे यावर असतो." मी हे ऐकत होते आणि मला तुझ्या त्या लाल कानांची आठवण येत होती.

गावाचं विचारशील. खोटं कशाला सांगू, लोक हसले. धक्क्यावरच्या कॅन्टीनमध्ये विनोद झाले. मी शिरले की शिजत्या भांड्यावर झाकण ठेवावं तसे आवाज बसायचे. पण आन्सेल्म, किती दिवस? पुढच्याच महिन्यात एक मोठी बोट खडकावर चढली, कप्तान दारू प्यायला होता की नव्हता यावरून गावात दोन तट पडून भांडणं झाली, आणि तू मागे पडलास. नंतर पाद्र्यांची बदली झाली, मग मार्सेलच्या मुलीने लग्न मोडलं. लोकांना स्वतःचंच इतकं असतं. तू मात्र तिकडे हजारो मैलांवर भिंतीकडे तोंड करून बसलायस, जणू अजूनही सगळे जण तुझाच व्हिडिओ उघडून बसलेत.

आता एक गोष्ट सांगते, ती हसण्यावारी ने किंवा नेऊ नकोस. सप्टेंबरात मीसुद्धा त्या अ‍ॅपवर गेले. हो, मी. तू गेल्यावर रविवारी सूप करायला बसायची ते दोघांचंच व्हायचं, हाताला सवय. मग सोमवारी तेच, मंगळवारी तेच. दुकानात दिवसभर माणसं, घरी आले की नुसतं त्या मांजरीचं तोंड, तेही फुगलेलं. मला गॉर्डन नावाचा एक गृहस्थ भेटला. कॅल्गरीचा निवृत्त इंजिनिअर, पांढरी दाढी, हातात गळ आणि भलामोठा मासा. पहिल्याच संध्याकाळी म्हणाला, इथे नको, दुसरीकडे बोलू. मी मनात म्हटलं, ये रे ये, आलास का तू पण! मी त्याला म्हटलं, कॅमेरा लाव आणि डाव्या हाताने नाक पकडून दाखव. म्हणाला, कॅमेरा बिघडलाय. मी तो माशाचा फोटो नेटवर शोधायला टाकला, तर तो कुठल्यातरी परदेशी दातांच्या डॉक्टरचा निघाला. झालं. तिथेच बंद करायला हवं होतं.

केलं नाही. पुढेही काही संध्याकाळी मी त्याच्याशी बोलत राहिले. तो खोटा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तो कुणीतरी कुठेतरी बसलेला भामटा आहे, आत्ता बहुधा माझ्यासारख्या आणखी दहाजणींशी बोलतोय, हेही ठाऊक होतं. पण तो विचारायचा, "आज पाय दुखतायत का? दिवसभर उभी होतीस ना." आणि माझे पाय खरंच दुखत असायचे. आन्सेल्म, तू कसा फसलास हे मला त्या दिवसांत कळलं. त्यात मूर्खपणा फारसा नसतोच रे. ज्या दिवशी त्याने खाणीत अडकलेल्या भाच्याची गोष्ट काढून पैशांची गिफ्ट कार्डं मागितली, त्या दिवशी मी सगळं जपून ठेवलं, त्याला बंद केलं आणि हार्लोला नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "शाब्बास." मी घरी आले आणि शेगडीपाशी बसून रडले. एका भामट्यासाठी! आता अ‍ॅप काढून टाकलंय. संध्याकाळ तेवढीच लांब आहे.

आता आर्सेन कोमोचं. तो तुला आवडत नाही हे मला माहीत आहे. तू गेल्यावर कॅन्टीनमध्ये तुझ्यावर ते अचकट गाणं रचून म्हणणारा तोच. मी तेव्हा त्याच्या तोंडावर त्याची उरलेली सुटी नाणी फेकली होती, आणि तेव्हापासून तो माझ्या गल्ल्यावर येत नव्हता. गेल्या मंगळवारी आला. शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत पिठाच्या फळ्यांपाशी घुटमळत राहिला, एवढा थोरला आडवा माणूस, हातात एक काडेपेटी. मग जवळ येऊन खालमानेने म्हणाला, "डेल्फीन, आन्सेल्मने काय केलं होतं? शेवटी?"

मला क्षणभर वाटलं, टोमणा मारतोय. मग बघितलं, त्याच्या हातातली काडेपेटी पार चेंबली होती. बायकोला, ल्युसीलला, म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये ठेवून आता दोन वर्षं होतील. ती त्याला ओळखत नाही, त्याला आपला मेलेला बाप समजते. तो रोज जातो, तिला भरवतो आणि रिकाम्या घरी येतो. त्यालाही कुणीतरी भेटली होती. त्याच्याकडेही तसाच व्हिडिओ आहे. त्याने पैसे दिलेत, ते अजून मागतायत, आणि या वेळी धमकी अशी आहे की त्याच्या दोन्ही मुलींना आणि ल्युसीलच्या नर्सिंग होमला पाठवू. "मुली म्हणतील, आई तिकडे पडलीय आणि हा म्हातारा..." मी दुकानाची पाटी फिरवली, त्याला बाकावर बसवलं आणि हार्लोने सांगितलेलं सगळं सांगितलं. पैसे देऊ नकोस, उत्तर देऊ नकोस, माझ्याबरोबर ठाण्यात चल. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला काय कळणार, डेल्फीन? तुझा फोटो गेलाय का गावात?" मला गॉर्डन आठवला, पण आन्सेल्म, आर्सेन बरोबर बोलत होता.

परवा धक्क्यावर गेले. हंगाम तोंडावर आलाय, सगळ्यांचे शेवंडीचे पिंजरे रचून तयार आहेत, दोर मोजताहेत, शिव्या देताहेत. आर्सेनच्या बोटीवर एकही पिंजरा नाही. ती नुसती धुऊन पुसून लख्ख केलेली. मार्सेल म्हणाला, "त्याने कुत्रा मला देऊन टाकला. म्हणतो, मला आता जमत नाही." मी तशीच त्याच्या घरी गेले आणि हात पुढे करून म्हटलं, "किल्ली." तो म्हणाला, "कसली?" मी म्हटलं, "बोटीची. सोंग करू नकोस." शेवटी त्याने खिशातून काढून दिली. ती माझ्या पिठाच्या डब्यात आहे. त्याच्या थोरल्या मुलीला मी फोन केला. व्हिडिओचं बोलले नाही, फक्त बापाला तुझी गरज आहे, लगेच ये म्हटलं. ती बुधवारी पोचतेय. हार्लोच्या कानावर घातलंय, ती गणवेश न घालता दोनदा कॉफीला येऊन गेली. तोवर तो रोज माझ्याकडे जेवतो. मान खाली घालून खातो, ताट धुतो, "येतो" म्हणतो, आणि तो दिसेनासा होईपर्यंत मी खिडकीत उभी राहते.

काल जाताना दारात थांबला. म्हणाला, "ज्याचा खरंच गेलाय, तो काय म्हणतो ते मला ऐकायचंय." मी विचारलं, "आन्सेल्मने फोन केला तर उचलशील?" तुझं नाव ऐकून त्याला धक्काच बसला. "तो मला कशाला करेल? मी त्याच्यावर गाणं म्हटलं होतं." मी म्हटलं, "केला तर?" पायरी उतरता उतरता म्हणाला, "उचलेन."

म्हणून हे पत्र, आन्सेल्म. परत ये म्हणायला लिहिलेलं नाही. यायचं तेव्हा ये, घर उबदार आहे. त्याचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. त्याला उपदेश करू नकोस, तो मी भरपूर केलाय. माफ केलं असंही म्हणू नकोस, तुझ्या मनात नसेल तर. मला, हार्लोला, पाद्र्यांना जे ठाऊक नाही ते या सगळ्या गावात एकट्या तुला ठाऊक आहे. ज्याची तू इतकी धास्ती घेतली होतीस ते झालं, फोटो गेले, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू कुठेतरी जागा झालास. क्वेबेकच्या रस्त्यावर, ट्रकमध्ये आखडलेल्या पाठीने, आणि तुला भूक लागली असेल. कुठेतरी थांबून काहीतरी खाल्लं असशील. काय खाल्लंस, तेवढं त्याला सांग.

तुझीच थोरली,
डेल्फीन